वारुळावरची अळंबी: ओळख मुळापासून करा

पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणारी अळंबी (गोव्यात अळमी, विदर्भात सात्या) म्हणजे टर्मिटोमायसेस ही बुरशी. वाळवी पालापाचोळा वारुळात नेऊन त्यावर ही बुरशी वाढवते. त्यामुळे तिची धिंगरी किंवा बटण अळंबीसारखी व्यापारी लागवड होत नाही.

कुठे मिळते?
जंगलाच्या कडेला, काजूच्या बागेत, जुन्या बांधावर. वारूळ जमिनीखाली असेल तर वर उंचवटा दिसत नाही.

ओळख
- टोपीच्या मध्यभागी टोकदार, कठीण उंचवटा.
- टोपीखालची पाती पांढरी, पुढे फिकट गुलाबी.
- मोठ्या जातींत देठ जमिनीखाली निमुळता होत मुळासारखा वारुळापर्यंत जातो.

जमिनीलगत तोडलेल्या अळंबीत ही शेवटची खूण राहत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणची एक अळंबी माती हलकेच बाजूला करून तळापर्यंत पाहावी.

विषारी छत्र्या
- अमानिटा: देठाच्या तळाशी पिशवीसारखा कप. काही जाती जीवघेण्या असून यकृत निकामी करतात.
- हिरव्या बीजाणूंची छत्री: गवताळ जागेत येते, देठावर कडे असते, पाती पुढे हिरवट होतात. खाल्ल्यावर काही तासांत तीव्र उलट्या-जुलाब होतात.

बीजाणू चाचणी
उमललेली टोपी पांढऱ्या कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाका. रात्रभरात ठसा उमटतो. टर्मिटोमायसेसचा ठसा गुलाबीसर येतो. हिरवट ठसा आल्यास ती छत्री फेकून द्या. मात्र केवळ ठशावरून खाण्याचा निर्णय घेऊ नये, सर्व खुणा जुळायला हव्यात.

चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडतो का, किडे खातात का, या परीक्षा निरुपयोगी आहेत. अमानिटाचे विष शिजवूनही जात नाही.

काढणी
वारूळ खणू नये. पूर्ण उमललेल्या काही छत्र्या बीजाणू पडण्यासाठी तशाच ठेवाव्यात. वाळवीनाशक टाकलेल्या वारुळावरची अळंबी खाऊ नये.

शंका असल्यास
खाऊ नका, विकू नका. मुळासकट नमुना जाणकाराला किंवा कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. खाल्ल्यानंतर त्रास झाल्यास उरलेली अळंबी सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा. अमानिटाची लक्षणे सहसा 6 ते 12 तासांनी दिसतात, मध्येच बरे वाटून पुन्हा प्रकृती ढासळते. म्हणून उलट्या थांबल्या तरी उपचार टाळू नका.