यंत्र, पत्ते आणि गंजाडचा चौक

पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची चाल फार प्राचीन असावी, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास निराळें सांगतो. टॅरो या नांवानें ओळखले जाणारे ७८ पत्ते पंधराव्या शतकांत उत्तर इटलींतील सरदारांच्या वाड्यांत प्रथम दिसूं लागले, आणि तेव्हां ते केवळ खेळण्यासाठीं होते. त्यांतून भाग्य वाचण्याची कल्पना बरीच पुढची. १७८१ सालीं कूर द जेबलँ या फ्रेंच पंडितानें हे पत्ते म्हणजे इजिप्तच्या पुरोहितांचें लपविलेलें ज्ञान होय, असें प्रतिपादन केलें. त्या वेळीं इजिप्तची चित्रलिपि कोणालाच वाचतां येत नसल्यामुळें त्याचें म्हणणें खोडून काढणाराहि कोणी निघाला नाहीं! पुढें १९०९ सालीं लंडनांत ए. ई. वेट याच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनें जो जोड काढला, तोच आजच्या बहुतेक जोडांचा नमुना होऊन बसला आहे.

महाराष्ट्रालाहि चित्रित पत्ते नवे नाहींत. सावंतवाडीचे चितारी लाखेचा लेप दिलेली गंजिफा करीत आले. दशावताराच्या एका जोडांत दहा अवतारांचीं प्रत्येकीं १२ अशीं १२० वाटोळीं पानें असतात. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सारे देव त्यांत बसले. पण त्यांना कोणी आपलें भविष्य विचारलें नाहीं, त्यांच्याशीं माणसें खेळलीं. चित्र आणि भविष्यकथन यांची गांठ निसर्गतः पडलेली नसून ती मागाहून कोणीतरी मारलेली असते, एवढें यावरून ध्यानांत यावें.

अलीकडे या टॅरोच्या पत्त्यांवर यंत्रांनीं स्वारी केली आहे. के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकानें १९८७ सालीं ‘स्टीमपंक’ हा शब्द थट्टेनें योजला. विजेचें व तेलाचें युग आलेंच नसतें आणि जग वाफेवरच पुढें गेलें असतें तर तें कसें दिसलें असतें, या कल्पनेवर रचलेल्या कथांचें हें नांव. पितळेचीं चक्रें, बाष्पपात्रें, लांब झगे, उंच टोप्या असा या सृष्टीचा थाट. २०१२ सालीं या धर्तीचे दोन जोड प्रसिद्ध झाले. एकाचीं चित्रें अली फेल यांचीं व विवेचन बार्बारा मूर यांचें. दुसऱ्याची रचना जॉन व केटलिन मॅथ्यूज या दांपत्याची आणि चित्रें विल किंगहॅन यांचीं. या दुसऱ्या जोडांत तर जुने चार रंगच बदलले: तलवारींच्या जागीं हवाई जहाजें आलीं, दंडांच्या जागीं एंजिनें.

यावर रसिकांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणतो, खूण ती खूण. रथाला घोडे जोडा कीं बाष्पयंत्र, अर्थ ढळत नाहीं. दुसरा पक्ष विचारतो कीं, चित्रांतलीं हीं चक्रें फिरवितात तरी काय? टोपीवर चिकटविलेलें चक्र म्हणजे निव्वळ नक्षी. या आक्षेपाला पहिल्या पक्षाचें उत्तर मोठें मार्मिक आहे. स्मिथबाईंच्या ‘रथ’ या पत्त्यांत दोन स्फिंक्स रथापुढें बसलेले आहेत आणि सारथ्याच्या हातीं लगामच नाहीं. मग तो रथ तरी कोठें चालतो? उत्तर मार्मिक असलें तरी पुरेसें नाहीं. लगाम नसणें हाच त्या चित्राचा आशय आहे; केवळ इच्छाशक्तीनें वाहन आवरणारा पुरुष तेथें दाखविला आहे. टोपीवरचें चक्र असें कांहींच सांगत नाहीं. यंत्र चित्रांत आलें हा दोष नव्हे. तें तेथें बेकार बसून राहतें, हा दोष.

हाच प्रश्न डहाणू तालुक्यांतील गंजाड या गांवीं पत्त्यांवांचून उभा राहिला. पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या खुणांच्या चित्रांत यंत्र शिरलें तर काय होतें, हें पाहण्यास याहून चांगलें ठिकाण सांपडणें कठीण.

गंजाड हें डहाणू रोड स्टेशनाच्या पूर्वेस, वारली वस्तीच्या मुलखांत. या किनाऱ्यानें बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीची आगगाडी १८६४ सालीं मुंबईस जाऊन पोंचली. इंग्रजी कादंबरीकार आज जिचें स्वप्न रंगवितात ती वाफ वारल्यांनीं डोळ्यांनीं पाहिली, आणि तिचा भारहि वाहिला. येथलें लांकूड आणि गवत मुंबईच्या बाजारासाठीं निघे, आणि तें कापणाऱ्याच्या पदरीं फार थोडें पडे. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं वारल्यांनीं जो लढा दिला, त्यांत ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, ही एक मुख्य मागणी होती. वाफेचें युग येथें पितळी नव्हतें. तें गवताच्या भाऱ्यांनीं मोजलें जाई.

अशा या मुलखांत चित्राचें स्थान कोणतें? लग्नघरीं आंतल्या भिंतीवर, गेरू-मातीनें सारवलेल्या अंगावर, सवासिनी तांदुळाच्या पिठानें चौक लिहितात. लेखणी म्हणजे टोंक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकटीच्या मध्यभागीं पालघट देवी. सूर्य, चंद्र, फणी, शिडी या खुणा भोंवतीं. धवलेरी गाणीं म्हणते आणि लग्न लागतें. चौकावांचून लग्न नाहीं. भविष्य विचारण्याचें काम मात्र भगताचें, आणि तो तें चित्रावरून सांगत नाहीं. सुपांतल्या तांदुळाच्या दाण्यांवरून सांगतो. के. जे. सावे यांनीं १९४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या वारल्यांवरील ग्रंथांतहि भगताच्या या विद्येची माहिती आहे. म्हणजे तांदूळ एकच. दाणा झाला कीं तो भाग्य बोलतो, पीठ झालें कीं देवीला बोलावतो. युरोपनें जें एका पत्त्यांत कोंबलें, तें वारल्यांनीं वेगळें ठेवलें.

विणकर सेवा केंद्राचे भास्कर कुलकर्णी हे १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळांत पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून मिथिलेंत गेले होते आणि तेथल्या स्त्रियांच्या हातीं त्यांनीं कागद दिला होता. पुढें ते डहाणूकडे वळले. येथें त्यांना गंजाडचा जिव्या सोमा मशे हा तरुण भेटला. मशे यांचा जन्म १९३४ चा. आई गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला आणि धुळींत चित्रें काढून मनांतलें सांगूं लागला, अशी हकीकत सांगितली जाते. चौक लिहिणें हें बायकांचें काम. मशे यांनीं तें कागदावर व कापडावर आणलें आणि लग्नावांचूनहि चित्र काढलें. १९७६ सालीं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ सालीं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनांत त्यांचीं चित्रें लागलीं, २०११ सालीं पद्मश्री आली. २०१८ सालीं ते निवर्तले. या कीर्तींत सवासिनींचा हात मागें पडला, हेंहि नमूद केलें पाहिजे. ज्या बायकांनीं ही लिपि शतकानुशतकें संभाळली, त्यांतल्या फारच थोड्यांचीं नांवें बाहेर ठाऊक आहेत.

एकदां लग्नघरांतून सुटल्यावर चित्राला विषयाचें बंधन राहिलें नाहीं. मासळीचें जाळें आलें, मुंग्यांची रांग आली, आणि डहाणूकडच्या चित्रकारांच्या हातून आगगाडी, मोटार व सायकलहि आली. परंतु ती कशी आली हें पाहण्याजोगें आहे. डब्यांच्या खिडक्यांतून तींच दोन त्रिकोणांचीं माणसें डोकावतात, दारांत लोंबकळतात, डोक्यावर बोजा घेऊन फलाटावर धांवतात. चाक आहे तें वाटोळें आणि त्याला काम आहे. तारप्याच्या भोंवतीं नाचणारी माणसें ज्या वळणानें फिरतात, त्याच वळणानें गाडीहि चित्रांत वळते. येथें कोणी यंत्र वर चिकटविलेलें नाहीं. जगण्यांत तें आधीं आलें, मग चित्रांत. स्टीमपंकचे चितारी कुशल आहेत, यांत शंका नाहीं. पण त्यांच्या एंजिनांतून कोणी कामावर जात नाहीं.

गंमत अशी कीं, जो दोष त्या चक्रांत दिसतो तोच आतां वारल्यांच्या त्रिकोणी माणसाच्या वांट्यास आला आहे. चहाचे पेले, पडदे, उशांचे अभ्रे, उपाहारगृहांच्या भिंती, जेथें पाहावें तेथें तो नाचतो. त्याला ना देवी, ना लग्न, ना भात. शहरांतील घरोघरीं तो असा येऊन बसला आहे, आणि घेणाऱ्यानें तो कोणी काढला हें क्वचितच विचारलेलें असतें. २०१४ सालीं वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षण मिळालें, त्यामागें डहाणूच्याच आदिवासी तरुणांच्या संस्थेची खटपट होती. हें संरक्षण नांवाला आहे आणि तें हवेंच होतें. ज्या भिंतीवर तें चित्र प्रथम उमटलें ती भिंत मात्र पुढल्या सारवणाबरोबर पुन्हां कोरी होते, आणि घरांत दुसरें लग्न ठरलें कीं सवासिनी पुन्हां तांदूळ भिजत घालतात.