सागरनगरीचा मुलूख आणि एक पेला

जी नगरी शतकानुशतके परमुलुखांच्या मालावर जगली आणि वैभवास चढली, तिच्याच नावाशी निगडित झालेल्या एका जगद्विख्यात पेयात समुद्रापलीकडून आणलेला एकही जिन्नस नसावा, ही गोष्ट व्हेनिसचा इतिहास जाणणाऱ्या वाचकास प्रथमदर्शनी विस्मयकारक वाटेल. मलबारची मिरी, अलेक्झांड्रियाच्या बंदरातून उचललेले मसाले, सायप्रसची साखर आणि लेव्हँटचे रेशीम यांची उलाढाल करीत, प्रत्येक गाठोड्यावर जकात भरीत आणि तिचा चोख हिशेब दप्तरी ठेवीत रिआल्तो या बाजारपेठेच्या परिसरातील व्यापाऱ्यांनी आपले ऐश्वर्य उभारले होते. परंतु रविवारच्या निवांत उत्तर-सकाळी, न्याहारी व दुपारचे जेवण यांच्या संधिकाळी, जगभरच्या हॉटेलांतून ज्याची मागणी होते ते ‘बेलिनी’ नावाचे पेय पिकलेल्या पांढऱ्या पीचचा गर आणि प्रोसेको नावाची फेसाळती वाइन या दोनच पदार्थांचे बनते, आणि हे दोन्ही पदार्थ व्हेनिसच्या पाठीशी पसरलेल्या भूमीत पिकतात. या पेयाचा इतिहास हा म्हणूनच एका मद्यगृहाचा इतिहास नव्हे. दर्यावर्दी नगरीने जमिनीकडे तोंड वळविल्याचा तो इतिहास आहे.

हे वळण एका दिवसात आले नाही. 1339 मध्ये त्रेविझो प्रथम व्हेनिसच्या अंमलाखाली आले आणि 1405 मध्ये पादुआ व वेरोना ही दोन संपन्न शहरे प्रजासत्ताकाने आपल्या मुलुखात सामील करून घेतली. आल्प्सकडे जाणाऱ्या व्यापारी वाटांचा बंदोबस्त आणि धान्याची निश्चिती ही या विस्तारामागील प्रकट कारणे होती. परंतु पोर्तुगीजांनी 1498 मध्ये कालिकतचा जलमार्ग गाठल्यानंतर मसाल्यांच्या व्यापारातील पूर्वीची निश्चिंती जेव्हा डळमळीत झाली, तेव्हा अमीर-उमरावांच्या घराण्यांनी आपला पैसा गलबतांतून काढून शेतजमिनींत, कालव्यांत आणि द्राक्षमळ्यांत उत्तरोत्तर अधिक गुंतविला, आणि पाल्लादिओ या वास्तुशिल्पीने बांधलेली प्रासादतुल्य ग्रामगृहे या नव्या जमीनदारीची स्मारके होऊन राहिली. 1797 मध्ये नेपोलियनने प्रजासत्ताकाचा शेवट केला, राज्य गेले, आरमार गेले. तथापि नगरी आणि तिचा मुलूख यांचे नाते मात्र तुटले नाही. उलट 1846 मध्ये खाजणावरून सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा रेल्वेपूल झाला आणि इतिहासात प्रथमच व्हेनिसला होडीवाचून जाता येऊ लागले.

या मुलुखाच्या उत्तरेस, कोनेल्यानो आणि वाल्दोब्बियादेने या दोन गावांच्या दरम्यान, उभ्या चढणीच्या टेकड्यांवर प्रोसेकोची द्राक्षे होतात. वाइनमधील बुडबुड्यांना वश करण्याची विद्या तेथे जन्मास आली नाही. इंग्लंडात 1615 च्या राजाज्ञेने भट्ट्यांसाठी लाकूड जाळण्यास मनाई झाली, काचेचे कारखाने दगडी कोळशाकडे वळले, आणि त्या प्रखर उष्णतेतून निघालेल्या जाड, मजबूत बाटल्यांमुळेच आतील वायूचा दाब सोसणे शक्य झाले. साखर घालून वाइनला फेसाळ करण्याच्या रिवाजाची नोंद ख्रिस्तोफर मेरेट याने 1662 मध्ये रॉयल सोसायटीपुढे केली. ज्या व्हेनिसने 1291 मध्ये आपले काच-कारागीर मुरानो बेटावर नेऊन बसविले आणि ज्यांच्या पेल्यांचे युरोपच्या दरबारांना वेड लागले, त्या व्हेनिसची काच नाजूकपणासाठी प्रख्यात होती. फेसाळत्या वाइनला मात्र सौंदर्याहून सामर्थ्याची गरज होती.

प्रोसेकोच्या या टेकड्यांचे स्वतःचे भाग्य एकोणिसाव्या शतकात उजाडले. अंतोनिओ कार्पेने या रसायनवेत्त्याने 1868 मध्ये तेथे वाइनचा कारखाना स्थापन केला आणि 1876 मध्ये कोनेल्यानो येथे द्राक्षविद्येची शाळा सुरू झाली. पुढे 1895 मध्ये फेदेरिको मार्तिनोत्ती याने आणि त्यानंतर काही वर्षांनी युजीन शार्मा या फ्रेंच अभियंत्याने जी पद्धत रूढ केली, तिच्यात दुसरे किण्वन प्रत्येक बाटलीत न होता दाब सोसणाऱ्या एका मोठ्या बंद टाकीत होते. बाटलीत महिनोन्‌महिने मृत यीस्टच्या सहवासात राहिलेल्या शॅम्पेनला पावाच्या भट्टीची आठवण देणारा भारदस्त स्वाद येतो. टाकीतली प्रोसेको त्या मानाने सडपातळ, ताज्या फळांच्या गंधाची आणि स्वस्त असते. शॅम्पेनच्या अभिमान्यांना हे न्यून वाटले तरी फळांच्या रसाशी सख्य करावयाचे झाल्यास हेच न्यून गुण ठरते, कारण स्वतःचे फारसे न बोलणारी ही वाइन पीचला बोलू देते.

पीच हे फळ मूळचे चीनचे. इराणमार्गे ते रोमन जगात पोहोचले आणि उत्तर इटलीच्या सुपीक मैदानात स्थायिक झाले. पांढऱ्या गराची जात विशेष सुगंधी, परंतु विशेष नाजूकही; तिला बोट लागले तरी डाग पडतो आणि गर उघडा राहिला की काळवंडतो. जून ते सप्टेंबर एवढाच तिचा हंगाम असल्यामुळे, कोकणच्या हापूसप्रमाणे, वर्षातील काही महिने तिची सत्ता आणि उरलेला काळ तिची प्रतीक्षा, असा तिच्या चाहत्यांचा नेम असे.

अशा या मुलुखात, वेरोना येथे, 1900 साली जुझेप्पे चिप्रियानी याचा जन्म झाला. व्हेनिसच्या एका हॉटेलात मद्य वाढण्याचे काम करीत असता हॅरी पिकरिंग नावाच्या तरुण अमेरिकन पाहुण्याची त्याच्याशी ओळख झाली, आणि नातलगांनी हात आखडता घेतल्यामुळे अडचणीत सापडलेल्या त्या तरुणाला चिप्रियानीने दहा हजार लिरा उसने दिले. कर्जदार परत येईल अशी आशा सुटण्याच्या बेतात असताना तो खरोखरच परत आला, मुद्दल फेडले आणि वर चाळीस हजार लिरा भागीदारीसाठी देऊन आपल्या नावाचे एक मद्यगृह काढण्याची सूचना केली. सान मार्कोच्या चौकापासून जवळ, काल्ले वाल्लारेस्सो या अरुंद गल्लीच्या टोकाला, पूर्वी दोरखंडांची वखार असलेल्या एका खोलीत 13 मे 1931 रोजी ‘हॅरीज बार’ उघडला. जहाजांचे दोर जेथे रचले जात, तेथे आता पाहुण्यांचे पेले मांडले जाऊ लागले. नगरीच्या बदललेल्या उपजीविकेचे याहून बोलके दप्तर कोणते असणार?

येथेच 1934 ते 1948 या अवधीत केव्हातरी हे पेय सिद्ध झाले असे सांगितले जाते. त्याची कृती चार वाक्यांत संपते, आणि तिची सर्व मातब्बरी संयमात आहे. पूर्ण पिकलेले पांढरे पीच यंत्रात न फिरविता चाळणीवर हाताने दाबून गाळावेत, कारण यंत्राच्या पात्यांनी गरात हवा शिरते व रंग बिघडतो. गर थंडगार करावा. त्याच्या एका भागास थंड प्रोसेकोचे तीन भाग घ्यावेत. आणि वाइन अगदी सावकाश ओतावी, कारण गराचे सूक्ष्म कण हेच बुडबुड्यांचे जन्मस्थान असल्यामुळे घाई केल्यास अर्धे पेय फेस होऊन काठाबाहेर जाते. साखर, बर्फ, आणखी एखादी दारू यांना येथे मज्जाव आहे. फार तर रंग उजळावा म्हणून रास्पबेरीच्या रसाचे दोनचार थेंब कोणी घालतात.

त्याचे नामकरण 1948 मध्ये झाले. जोव्हान्नी बेलिनी या व्हेनिसच्या थोर चित्रकाराचे भव्य प्रदर्शन 1949 मध्ये ड्यूकच्या राजवाड्यात भरावयाचे होते, आणि त्याच्या चित्रांतील गुलाबी आभा पेल्यातही दिसते, असे चिप्रियानीला वाटले. परंतु हे नाव केवळ रंगसादृश्यापेक्षा अधिक सयुक्तिक आहे. 1516 मध्ये निवर्तलेला हा चित्रकार प्रजासत्ताकाचा मानकरी होता, तरी त्याच्या मातृमूर्तींच्या पाठीमागे दिसतात त्या नांगरलेल्या जमिनी, गुरे, तटबंदीची छोटी गावे आणि निळसर टेकड्या. समुद्राच्या कुशीत बसून त्याने मुलूख रंगविला, आणि चार शतकांनंतर तोच मुलूख त्याच्या नावाने पेल्यात उतरला.

या पेयाला लवकरच भावंडे लाभली: स्ट्रॉबेरीचे ‘रोस्सिनी’, डाळिंबाचे ‘तिंतोरेत्तो’, संत्र्याच्या जातीच्या मँडरिन फळाचे ‘पुच्चिनी’, म्हणजे ऋतू बदलावा तसे फळ बदलावे आणि फळ बदलावे तसा कलावंत. ‘ब्रंच’ या भोजनप्रकाराची शिफारस गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने 1895 मध्येच केली होती, आणि संत्र्याचा रस व शॅम्पेन यांचे मिश्रण 1921 च्या सुमारास लंडनच्या बक्स क्लबात रूढ झाले होते. संत्रे मात्र बारमाही बाजारात मिळणारे असल्याने त्या मिश्रणाला ऋतूचे बंधन नव्हते. बेलिनीला ते होते, आणि कीर्तीने नेमके तेच सोडविले. गोठविलेला गर वर्षभर मिळू लागला, डबाबंद पिवळे पीच आले, तयार बाटल्या आल्या, आणि न्यूयॉर्कपासून मुंबईपर्यंत हे पेय कोणत्याही महिन्यात मागविता येऊ लागले. सोय झाली, यात संशय नाही. परंतु ज्या नात्यातून ते जन्मले ते नाते या सोयीत गळून पडले.

आपल्याकडे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे 1980 च्या दशकात शॅम्पेनच्या धर्तीवर फेसाळती वाइन होऊ लागली आणि पुढे नाशिकच्या द्राक्षमळ्यांनीही तो मार्ग धरला. त्या वाइनमध्ये परदेशी डब्यातील पीच घालणाऱ्यास चिप्रियानीची कृती साधेल, त्याचा विचार साधणार नाही; त्याच्या विचारानुसार चालणारा मनुष्य आधी आपल्या बाजारात जाऊन या आठवड्यात कोणते फळ पूर्ण पिकले आहे याची चौकशी करील. व्हेनिसने साऱ्या जगाचा माल विकून जो लौकिक मिळविला तो कालांतराने ओसरला. परंतु स्वतःच्या मुलुखातील दोन पदार्थ योग्य मोसमात आणि योग्य प्रमाणात एकत्र आणून मिळविलेला हा छोटा लौकिक अद्याप टिकून आहे, आणि तो टिकण्याचे कारण मालाच्या दुर्मिळतेत नसून त्याच्या सान्निध्यात आहे.