पगारी गड्याची टोपी

रग्बीचा खेळ आमच्या वाचकांपैकीं थोड्यांनींच पाहिला असेल. पण त्यांतील एका जुन्या वादाचा इतिहास क्रीडांगणाबाहेरच्या माणसांसही रुचावा असा आहे. पोटासाठीं खेळणारा मनुष्य देशासाठीं जीव तोडून खेळेल काय, हा तो वाद होय.

वेल्समध्यें हा खेळ खाणींत व लोखंडाच्या भट्ट्यांत राबणाऱ्या लोकांनीं आपला मानला. सामन्यापायीं बुडालेल्या रोजाची भरपाई खेळाडूंस द्यावी कीं नाहीं, या प्रश्नावर १८९५ सालीं उत्तर इंग्लंडांतील क्लब फुटून निघाले, आणि त्यांतून पुढें रग्बी लीग हा निराळा, पगारी खेळ उभा राहिला. तेव्हांपासून शंभर वर्षें वेल्सचे गरजू गडी ‘उत्तरेस’ जात राहिले. एकदां गेलेल्यास मायदेशाच्या संघाचें दार बंद. जातिबहिष्कारच म्हणा ना! आघाडीचा धिप्पाड गडी स्कॉट क्विनेल १९९४ सालीं असाच विगनला गेला. ऑगस्ट १९९५ मध्यें रग्बी युनियननें वेतनावरील बंदी उठविली, आणि १९९६ सालीं तो परत आला.

१९८५ सालीं स्वॉन्सी येथें जन्मलेल्या अ‍ॅलन विन जोन्सला हें सोंवळें पाळावेंच लागलें नाहीं. जून २००६ मध्यें तो वेल्सकडून प्रथम खेळला, तो अर्जेंटिनांतील प्वेर्तो माद्रिन या गांवीं. १८६५ सालीं देशांतर केलेली वेल्सची मंडळी जेथें उतरली, तेंच हें ठिकाण. पुढें स्क्रमच्या दुसऱ्या रांगेंत त्याची जागा ठरली. ही जागा कीर्तीची नव्हे. पुढच्यांस मागून रेटा द्यावयाचा, सीमारेषेवरून फेंकलेला चेंडू उंच उडून झेलावयाचा, आणि तो घेऊन पळावयाचें मात्र दुसऱ्यानें! टाळ्याही त्या पळणाऱ्यास. खेळतां खेळतां त्यानें कायद्याची पदवी घेतली, याचें आम्हां मास्तरांस विशेष कौतुक. २०१९ सालीं त्याच्या नायकत्वाखालीं वेल्सनें सहा राष्ट्रांच्या स्पर्धेंतील पांचही सामने जिंकले. ब्रिटन व आयर्लंड येथील निवडक गड्यांच्या लायन्स संघाचा तो नायक असतां, २६ जून २०२१ रोजीं जपानशीं खेळतांना त्याचा खांदा निखळला. त्याचा दौरा आटोपला असेंच सर्वांनीं धरलें. पण तीन आठवड्यांनीं तो दक्षिण आफ्रिकेंत मैदानावर होता. केवळ वेतनाच्या हिशेबानें याचा उलगडा होत नाहीं.

मात्र पगाराबरोबर स्वस्थताही आली, असें समजूं नये. फेब्रुवारी २०२३ मध्यें संघटना व प्रादेशिक संघ यांच्यांतील पैशाच्या घोळांत वेल्सच्या कित्येक खेळाडूंचे पुढील करार अडकून पडले. तेव्हां इंग्लंडविरुद्धचा सामना खेळणार नाहीं, असें राष्ट्रीय संघानेंच बजावलें. वेल्सबाहेर नोकरी धरणाऱ्यास साठ आंतरराष्ट्रीय सामन्यांची अट होती. ती पंचविसांवर आली, आणि ठरल्या दिवशीं सामना झाला. बुडालेल्या रोजाचा प्रश्न असा सव्वाशे वर्षांनीं फिरून दारांत उभा राहिला होता. फरक इतकाच कीं, या वेळीं तो विचारणाऱ्यांस कोणी बहिष्कृत केलें नाहीं.

त्याच वर्षीं मे महिन्यांत जोन्सनें राष्ट्रीय संघ सोडला. वेल्सकडून १५८ व लायन्सकडून १२, असे १७० सामने. तोंपर्यंत इतके कोणीच खेळला नव्हता. मग तो फ्रान्समधील तूलाँच्या क्लबाकडे अल्प मुदतीच्या करारावर गेला. नोव्हेंबरांत कार्डिफच्या मैदानावर लोकांनीं त्यास पुन्हां पाहिलें, तें बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या संघांत, वेल्सच्याच विरुद्ध.