उंबरठ्याआंतील गुन्हा

माहीमचा इतिहास लिहूं म्हणणारास सामग्रीची वाण नाहीं. बिंबराजाची परंपरागत कथा आहे, मखदूम फकीह अलींचा दर्गा आहे, खाडीकांठचा किल्ला आहे, आणि लेडी जमशेटजी यांच्या देणगींतून १८४५ सालीं पुरा झालेला कॉजवेहि आहे. खाडी ओलांडण्यांतील धोका सर्वांना दिसत होता. म्हणून पूल झाला. परंतु याच माहीमच्या घरांत, बंद दाराआड, किती स्त्रियांनीं मार खाल्ला व किती जळाल्या, हें कोणत्याहि बखरींत लिहिलेलें नाहीं.

हा दोष आम्ही परक्याच्या माथीं मारीत नाहीं. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या चाळींत आमचें बालपण गेलें, तेथें भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज येऊं लागला कीं आमच्या घरीं रेडिओ मोठा करीत. ‘नवराबायकोचें भांडण, मध्यें पडूं नये’ ही त्या काळची सभ्यता. एके दिवशीं ती बाई भाजून वारली. ‘स्टोव्हचा भडका’ असें पंचनाम्यांत आलें. सही करणारांत आमचे वडीलहि होते. जें त्यांनीं पाहिलें नव्हतें त्यावर त्यांनीं सही केली, आणि जें रोज ऐकलें होतें तें कोणी विचारलें नाहीं व त्यांनीं सांगितलें नाहीं. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणूनच या गोष्टीचा विचार करणें आम्हांस प्राप्त आहे.

घरांतील जुलुमास गुन्हा म्हणावयास आपल्या समाजानें फार काळ घेतला. १८८१ त सुरतेकडील एका ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली व ती पुढें कमी करण्यांत आली. त्या निमित्तानें वृत्तपत्रांनीं स्त्रीजातीस दूषणें दिलीं, तेव्हां बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ त ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांच्या वर्तनाचाच जाब मागितला. दोन वर्षांनीं दादाजी भिकाजी यांनीं रखमाबाईंवर नांदावयास येण्याबद्दल मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. बालपणीं लावून दिलेलें तें लग्न बाईंस मान्य नव्हतें. १८८५ त न्या. पिन्ही यांनीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. परंतु अपिलानंतर, मार्च १८८७ मध्यें, न्या. फॅरन यांनीं नवऱ्याकडे जाण्याचा अथवा सहा महिने कैदेचा हुकूम केला. बाईंनीं कैदेची तयारी दाखविली. १८८८ त तडजोड झाली, आणि पुढें त्या डॉक्टर झाल्या. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं घरीं जाण्यास नाकारणारी स्त्री शिक्षेस पात्र ठरत होती. घरांत तिचें काय होईल, हा प्रश्न कोर्टापुढें गौणच होता.

तो प्रश्न कायद्यांत स्पष्टपणें येण्यास आणखी जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १९८३ त दंडविधानांत कलम ४९८-अ आलें आणि नवऱ्याची व सासरच्यांची क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरला. चार भिंतींआड साक्षीदार मिळत नाहीं ही अडचण ओळखून त्याच वेळीं पुराव्याच्या कायद्यांतहि भर पडली : लग्नापासून सात वर्षांच्या आंत स्त्रीनें आत्महत्या केली व छळ सिद्ध झाला, तर सासरच्यांनीं तिला प्रवृत्त केल्याचें अनुमान न्यायालयास काढतां येऊं लागलें. १९८६ त हुंडाबळीचें कलम आलें. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानें शिवीगाळ व पैशाची अडवणूक यांनाहि हिंसा म्हटलें, आणि स्त्रीस राहत्या घरांत राहण्याचा हक्क दिला. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा न्यायसंहितेनें घेतली, तरी क्रूरतेची तरतूद तींत कलम ८५ व ८६ खालीं कायम आहे.

परंतु कायद्याच्या जोडीस मोजणी हवी. २००१ सालच्या जळून झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास २००९ त ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. संशोधकांच्या हिशेबानें ते मृत्यु १,६३,००० च्या वर होते, म्हणजे पोलिसांच्या आंकड्याच्या सहापट. त्यांत सुमारें १,०६,००० स्त्रिया होत्या, व त्याहि बहुतांशीं १५ ते ३४ वयाच्या. एका तरुण पुरुषामागें तीन तरुण स्त्रिया, असें हें प्रमाण. यांतला प्रत्येक मृत्यु खून नव्हे, हें उघड आहे. पण चूल तर प्रौढ स्त्रियाहि सांभाळतात. मग आग तरुण सुनाच कां निवडते, या प्रश्नास ‘अपघात’ हें उत्तर पुरत नाहीं.

कायद्याचा दुरुपयोग होतो, असें आमचे सुशिक्षित मित्र म्हणतात. होत असेल, आणि सरसकट अटक करूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१४ त बजावलें आहे. मात्र २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत लग्न झालेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा २९ जणींनीं नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचें सांगितलें. आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं मदत मागणाऱ्या शेंकडा अवघ्या १४. खोट्या फिर्यादींची चर्चा करणारानें न झालेल्या फिर्यादींचाहि हिशेब द्यावयास नको काय?

समाधानाची गोष्ट इतकीच, कीं विचारणारे आतां आहेत. १९८४ त टाटा समाजविज्ञान संस्थेनें मुंबईच्या पोलीस आयुक्तालयांतच स्त्रिया व मुलें यांच्याकरितां विशेष कक्ष उघडला. २००० सालीं महानगरपालिका व ‘सेहत’ ही संशोधनसंस्था यांनीं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्र काढलें. ‘पडलें’ म्हणून आलेल्या बाईची मलमपट्टी करून न थांबतां, ‘कोणी मारलें का?’ असें तिला एकांतांत विचारणें आणि तें नोंदविणें, हें तेथील काम.

तें रुग्णालय कॉजवेच्या पलीकडेच आहे. आमच्या चाळींतील त्या बाईस तेथवर पोंचतां आलें असतें. परंतु तिच्या काळीं असें केंद्र नव्हतें. होते ते फक्त शेजारी, आणि शेजाऱ्यांनीं रेडिओ मोठा केला होता.