हिरवा अंगरखा

दिवाळी जवळ आली कीं, पुण्यांतील वाड्यांच्या अंगणांत, आणि वाडे जाऊन इमारती झाल्या तेथें जिन्याखालच्या कोपऱ्यांत, विटामातीचे व गोणपाटाचे किल्ले उभे राहतात. उतारावर अळीव पेरावयाचें, शिखरावर महाराज बसवावयाचे आणि वाटेवर मावळे ठेवावयाचे, ही रीति सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु बाजारांतून आणलेलीं चित्रें घरीं नव्यानें रंगविणारीं व तोडून जोडणारीं मुलें ज्या विद्येचा अभ्यास करितात, तिला इतिहास हें नांव द्यावयास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

साच्यांतून निघालेले सारे मावळे एकाच तोंडावळ्याचे असतात. मग लढाईसाठीं शत्रु आणावा कोठून? आमच्या एका पुतण्यानें एके वर्षीं सिंहगड केला. दहा मावळ्यांपैकीं पांचांचे अंगरखे त्यानें हिरवे रंगविले व एकास कापसाची दाढी चिकटविली. आम्हीं शाबासकी दिली आणि विचारलें, "हा दाढीवाला कोण?" "उदेभान." "तो मूळचा कोठला?" हें त्यास ठाऊक नव्हतें.

खरें पाहतां, उत्तर त्या रंगाच्या अगदीं उलट होतें. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत महाराजांना २३ किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्यांत कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, होता. तो तह घडवून आणणारे मिर्झाराजे जयसिंग रजपूत, आणि १६७० च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे गड चढले तेव्हां मोगलांतर्फे तो राखणारा उदेभानहि रजपूतच. उलट, १६७९ मध्यें खांदेरीपाशीं इंग्रज व सिद्दी यांच्याशीं झुंजणाऱ्या महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता. कोण कोणाच्या बाजूनें लढला, हें अंगरख्याच्या रंगावरून ठरत नाहीं.

मुलगा हिरमुसला. "काका, मग ओळखायचे कसे?" आमच्यापाशीं तयार उत्तर नव्हतें. संध्याकाळीं पाहतों तों त्यानें हिरवा रंग खरवडून काढला होता, आणि निम्मीं चित्रें तटाच्या आंत, निम्मीं कड्यावरील सुतळीशीं ठेविलीं होतीं. "आंतले मोगलांचे, दोरावरचे आपले," असें तो म्हणाला. मोडक्या मोटारीचीं चाकें काढून केलेला तोफेचा गाडाहि त्यानें शिखरावरून उतरवून पायथ्याशीं आणला होता. अशा उभ्या वाटेनें चाकें चढावयाचीं कशीं, हें त्याचें त्यासच उमगलें होतें.

हा नाद पोरकट म्हणून हंसण्याजोगा नाहीं. कोथरूड भागांत भाऊसाहेब जोशी यांच्या चिकाटींतून १९९८ मध्यें उभें राहिलेलें लहानग्या आगगाड्यांचें संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस हे हात मोठेपणीं काय करूं शकतात हें सांगावयास नको.

आज प्लास्टरचा तयार किल्ला चित्रांसह विकत मिळतो. तो सुबक असतो, वेळहि वांचवितो. पण त्यांत चुकावयास जागा नसते, आणि म्हणून विचारावयासहि नसते. २०२५ च्या जुलैमध्यें युनेस्कोनें १२ मराठा किल्ले जागतिक वारशांत घेतले, याचा आम्हांस अभिमान आहे. त्या वारशाचा खरा वारस मात्र आम्हांस त्या दिवशीं अंगणांत भेटला. त्याच्या नखांत हिरवा रंग होता.