यिनहुआ: एका सोलापुरी नावाची गोष्ट

बाळाचं नाव ठेवायचं म्हटलं की आता सगळे मोबाईल काढतात. अक्षर टाकायचं, अर्थ बघायचा आणि नाव जरा 'युनिक' आहे ना याची खात्री करायची. सोलापूरच्या एका घराण्यात १९४२ साली जन्मलेल्या मुलाचं नाव अशा कुठल्याही यादीत मिळेल असं मला वाटत नाही. ते नाव होतं यिनहुआ. त्याची आपल्या पद्धतीची पूर्ण ओळख लिहायची तर ती अशी होईल: यिनहुआ द्वारकानाथ कोटणीस.

हो, डॉ. कोटणीसांचा मुलगा.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस आपल्याला शाळेपासून माहीत असतात. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला आणि त्यात नायकही स्वतःच झाले. सोलापुरात भैय्या चौकात डॉक्टरांचं स्मारक आहे. पण या घरात चीनमध्ये गेल्यावर नावांचं जे काही झालं, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. मला तर तीच या गोष्टीची सगळ्यात बोलकी बाजू वाटते.

सुरुवात आडनावापासून करू. फडणीस, चिटणीस, पोतनीस आणि कोटणीस ही एकाच माळेतली आडनावं. यातला 'नीस' फारसीतल्या 'नवीस'पासून आला, म्हणजे लिहिणारा. कोट म्हणजे तटबंदी, सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातला 'कोट' तोच. थोडक्यात, कोटणीस म्हणजे किल्ल्याचा हिशेब-दफ्तर लिहिणारा. आडनावातच फारसी आणि मराठी शेजारी बसलेल्या. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात याचं कुणाला नवल वाटणार नाही.

याच गावात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ जन्मले. ते विशीच्या उंबरठ्यावर असताना गावाने मार्शल लॉ पाहिला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ही चार नावं एका दमात वाचली तरी गाव कसं होतं ते कळतं.

पुढे द्वारकानाथ मुंबईत डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केलं आणि निधी जमला. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे अटल त्यांचे प्रमुख होते. नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू आणि मुखर्जी हे सोबत होते आणि पाचवे आपले कोटणीस.

चीनमध्ये पोचल्यावर पाचही जणांना चिनी नावं मिळाली. चिनी भाषेत परकं नाव नुसतं उच्चारून भागत नाही, ते लिहायला अक्षरं निवडावी लागतात आणि प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असतो. कोटणीस हे आडनाव चिनी अक्षरांत 'के-दि-नि-सि' असं बसलं. मग पाचही डॉक्टरांच्या नावाच्या शेवटी एक अक्षर आलं: 'हुआ'. त्याचा अर्थ चीन. त्याच अक्षरात वैभव आणि फूल हे अर्थही आहेत. बसू 'बा सुहुआ' झाले, कोटणीस 'के दिहुआ' झाले.

यात गेलं काय आणि राहिलं काय, ते बघा. गेला तो 'नीस', म्हणजे किल्ल्यावरचा लेखनिक. त्याच्या जागी आला चीन. 'के' हे चीनमध्ये खरंखुरं आडनाव आहे, त्यामुळे 'कोट'मधला 'को' जणू तिथल्या एका कुळात जाऊन बसला. मधलं 'दि' हे अक्षर एका फुलझाडाचं आहे. जुन्या चिनी साहित्यात ते झाड भावाभावांच्या प्रेमाची खूण मानलं जातं आणि जुन्या पत्रांत ते अक्षर 'धाकटा भाऊ' या अर्थानेही येतं. निवडणाऱ्याच्या मनात हे होतं की नव्हतं, यावर मी पैज लावणार नाही. पण वाचणाऱ्या चिनी माणसाला त्या नावात भाऊ दिसू शकत होता.

हे नाव त्यांनी कामाने कमावलं. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. १९३९ मध्ये यानानला पोचले आणि पुढे उत्तर चीनमधल्या आघाडीवर गेले. १९४० च्या लढाईत सलग ७२ तास त्यांनी शस्त्रक्रिया केल्याचं सांगितलं जातं. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये तिथेच वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. तिथले गावकरी त्यांना प्रेमाने 'काळी आई' म्हणत, अशी आठवण सांगतात. त्यांना रंग आणि माया एवढंच म्हणायचं असणार. आपण मात्र हे दोन शब्द ऐकले की थेट शेतात जाऊन उभे राहतो.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी तिथल्या परिचारिका-शिक्षिका गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचं नाव त्या भागाचे लष्करी सेनापती न्ये रोंगझेन यांनी सुचवलं: यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.

'यिन'चा भारताशी संबंध कसा आला, हेही ऐकण्यासारखं आहे. सातव्या शतकात ह्युएन त्संग भारतात आला तेव्हा चिनी भाषेत आपल्या देशाला दोन-तीन वेगवेगळी नावं होती. त्याने लिहिलं की योग्य नाव 'यिन्दू' आहे. त्याचा अर्थ त्याने सांगितला चंद्र, म्हणजे आपला 'इंदु'. चिनी भाषेत भारताला आजही यिन्दूच म्हणतात. हाच प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. इथल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलं आहे की संकटातल्या कुणी मदत मागितली, तर ही माणसं स्वतःचा विचार न करता धावतात. तेराशे वर्षांनी त्याच्याच देशातून मदतीची हाक आली आणि सोलापूरचा एक डॉक्टर निघाला. योगायोगच, पण यिनहुआच्या नावातलं पहिलं अक्षर त्या प्रवाशाने रूढ केलेल्या नावातून आलेलं आहे.

मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉ. कोटणीस अपस्माराच्या झटक्याने गेले. वय ३२. मुलाला वडिलांचा चेहरा आठवण्याचा प्रश्नच नव्हता. वडिलांकडून त्याच्याकडे राहिलं ते नाव.

नावात विचार गुंफण्याची हौस आपल्याकडेही आहे. तमिळनाडूत मार्च १९५३ मध्ये जन्मलेल्या एका मुलाचं नाव स्टॅलिन ठेवलं गेलं आणि चारच दिवसांनी मूळ स्टॅलिन वारले. तो मुलगा पुढे मुख्यमंत्री झाला. अशा नावांची एक अडचण असते. अर्थ ठरवणारे मोठे असतात आणि पुढे जग बदललं की ते नाव वागवावं लागतं लहानाला.

यिनहुआच्या बाबतीत जग फारच वेगाने बदललं. १९५४ मध्ये पंचशील करार झाला, 'हिंदी-चिनी भाई भाई'च्या घोषणा झाल्या. तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. त्या दिवसांत त्याचं नाव म्हणजे चालतीबोलती घोषणाच वाटली असेल. मग ऑक्टोबर १९६२ मध्ये दोन्ही देशांचं युद्ध सुरू झालं. यिनहुआला नुकतीच वीस वर्षं पूर्ण झाली होती. २१ नोव्हेंबरला युद्ध थांबलं आणि त्यानंतर अठराव्या दिवशी वडिलांचा विसावा स्मृतिदिन आला. ज्याच्या नावात दोन्ही देश शेजारी लिहिले होते, त्या पोराने त्या दिवशी काय विचार केला असेल?

तोही वैद्यकीय शिक्षण घेत होता. डॉक्टर होण्याआधीच, १९६७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांना निदान बत्तीस वर्षं मिळाली होती.

नावांच्या लोकप्रियतेच्या भाषेत बोलायचं तर हे नाव आपल्याकडे सपशेल आपटलं. 'सचिन' हे बंगालमधून आलेलं नाव मराठी घराघरांत रुळलं. सचिन देव बर्मन यांचं नाव रमेश तेंडुलकरांनी मुलाला दिलं आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. यिनहुआच्या वाट्याला अशी लाट आली नाही, कारण नाव रुजायला नुसता गोड अर्थ पुरत नाही. तो अर्थ आपल्याला हवासा वाटेल असे दिवसही यावे लागतात, आणि १९६२ नंतर ते दिवस आले नाहीत.

वडिलांच्या नावाचं नशीब मात्र वेगळं. के दिहुआ चीनमध्ये आजही ओळखीचे आहेत. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आणि पुतळा आहे. दोन्ही देशांनी त्यांची टपाल तिकिटं काढली. चीनचे बडे नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाला आवर्जून भेटत आले. गुओ चिंगलान अनेकदा भारतात येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये वारल्या. सीमेवर काहीही चालू असो, हे नाव दोन्हीकडे आदराने घेतलं जातं. माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे. 'हुआ' हे अक्षर डॉक्टरांनी मोठेपणी, समजून घेतलं आणि त्यासाठी आयुष्य खर्च केलं. मुलाला ते आयतं मिळालं आणि खर्च करायला वेळच मिळाला नाही.

म्हणून मला यिनहुआचं नाव विसरून चालणार नाही असं वाटतं. डॉ. कोटणीसांची आठवण दोन सरकारांना सोयीची आहे, समारंभात घेता येते. यिनहुआची आठवण तशी सोयीची नाही. दोन देशांनी एकमेकांना दिलेला शब्द एका तान्ह्या मुलाच्या नावावर लिहिला गेला होता, आणि तो मोडला तेव्हा तो मुलगा जिवंत होता, हे ती आपल्याला सांगते.

भैय्या चौकातून जाल तेव्हा पाटीवर वडिलांचं नाव दिसेल. मुलाचं मात्र तुम्हालाच आठवावं लागेल.