रडार प्रतिमांद्वारे भूपृष्ठबदलांचे मापन : नागपूर परिसर

कृत्रिम उपग्रहावरून सूक्ष्मतरंग जमिनीकडे पाठवून परत येणाऱ्या तरंगांपासून प्रतिमा तयार करणे व निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या अशा प्रतिमांच्या तुलनेवरून भूपृष्ठातील फरक शोधणे, अशी ही पद्धती आहे. नागपूर परिसरात तिची गरज मुख्यतः पावसाळी ढग व कोळशाच्या खाणी यांमुळे भासते.

१७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा भारतीय उपग्रह सोडण्यात आला व त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. हा उपग्रह परावर्तित सूर्यप्रकाशावर विसंबून असल्याने खरिपाची पिके उभी असताना व नद्यांना पूर आलेला असताना, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी, ढगांखालची जमीन त्याला दिसत नसे. सूक्ष्मतरंगांना ढगांचा वा अंधाराचा अडथळा होत नाही. सीसॅट हा रडार असलेला अमेरिकी उपग्रह १९७८ मध्ये जेमतेम साडेतीन महिने चालला. यूरोपच्या ईआरएस-१ (१९९१) या उपग्रहाच्या प्रतिमांवरून १९९२ च्या लँडर्स (कॅलिफोर्निया) भूकंपात सरकलेली जमीन मोजता आली, तेव्हा या पद्धतीचे सामर्थ्य सिद्ध झाले. भारताचा रिसॅट-१ हा २६ एप्रिल २०१२ रोजी सोडण्यात आला.

साचलेले संथ पाणी तरंग आरशाप्रमाणे दुसरीकडे परावर्तित करते, त्यामुळे पूरक्षेत्र प्रतिमेत काळे दिसते. मात्र २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपूर शहरात आला तसा अल्पकाळ टिकणारा पूर ठरावीक दिवसांनी फेरी करणाऱ्या उपग्रहाला सापडेलच असे नाही.

खचणाऱ्या जमिनीसाठी तरंगाची कला (आवर्तनातील स्थिती) पाहावी लागते. तरंगलांबी ५.६ सेंमी. असल्यास, जाण्यायेण्याचे अंतर धरून, जमीन उपग्रहापासून २.८ सेंमी. दूर गेली की कलेत एका पूर्ण आवर्तनाचा फरक पडतो. सावनेर परिसरातील भूमिगत खाणींत कोळशाचे आधारस्तंभ काढून घेतल्यावर वरची जमीन खचू शकते. शेतात भेगा पडतात व विहिरींचे पाणी खाली जाते. उमरेडसारख्या खुल्या खाणींत मात्र उत्खननाने पृष्ठभागच बदलत असल्याने तेथे कलेचा मेळ राहत नाही. परावर्तनाच्या तीव्रतेतील फरकच उपयोगी पडतो.

येथील खरी अडचण काळ्या जमिनीची आहे. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे खाण नसलेल्या शेताचाही पृष्ठभाग वरखाली होतो. नांगरट व पिकांची वाढ यांनीही कला विस्कळीत होते. म्हणून नागपूर येथेच मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मृदा नकाशे जवळ ठेवल्याशिवाय येथील रडार प्रतिमांचा अर्थ लावणे धोक्याचे ठरते. ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या निसार या भारत-अमेरिका उपग्रहावरील दोन रडारांपैकी एकाची तरंगलांबी सु. २४ सेंमी. असून असे तरंग पिकांच्या पानांमुळे कमी विस्कळीत होतात. उपग्रह तीच जागा १२ दिवसांनी पुन्हा टिपतो. तथापि मातीचे फुगणे व खाणीमुळे खचणे यांतील भेद तरंगलांबी वाढवून होत नाही. त्यासाठी खाणीवरील व खाणीबाहेरील ठिकाणांचे पातळीमापन जमिनीवरूनच करावे लागते.